दमा आणि वाढते वजन एकत्र असलेल्या मुलाची काळजी कशी घ्यावी

मुलाला दमा आहे आणि त्याचे वजनही वयाच्या मानाने जास्त आहे, अशा घरात बहुधा दोन वेगवेगळे सल्ले पोहोचतात. दम्यासाठी औषध लिहून दिले जाते आणि वजनासाठी ‘खाणे आवरा, खेळायला पाठवा’ असे सांगितले जाते. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्यांचा मेळ घातला नाही तर दोन्ही निष्फळ ठरतात. थोडे पळताच ज्याला धाप लागते, ते मूल मैदानावर टिकत नाही. आणि ज्याचे वजन वाढतच आहे, त्याचा दमा केवळ औषधाची मात्रा वाढवून आटोक्यात येईल याचा भरवसा नसतो. म्हणून या लेखात एक निश्चित क्रम सुचवला आहे. आधी श्वास आटोक्यात आणावा, त्या आधारावर हालचाल वाढवावी आणि तिच्या जोडीने घरातील खाण्याची व झोपेची घडी बदलावी. ‘वजन उतरले की मग खेळ सुरू करू’ हा विचार मात्र सोडून द्यावा, कारण त्या वाटेने वजनही उतरत नाही आणि खेळही सुरू होत नाही.

या दोन आजारांचा एकमेकांशी संबंध कसा असतो

अमेरिकेतील पाच लाखांहून अधिक मुलांच्या वैद्यकीय नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य वजनाच्या मुलांच्या तुलनेत लठ्ठ मुलांना नव्याने दमा होण्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. त्याच्या आदल्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्नियातील एका दीर्घ अभ्यासाने नेमका उलट प्रश्न विचारला होता. सुरुवातीला ५ ते ८ वर्षांची आणि लठ्ठ नसलेली दोन हजारांहून अधिक मुले त्यात होती आणि त्यांपैकी ज्यांना आधीच दमा होता, ती पुढील वर्षांत लठ्ठ होण्याचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी अधिक निघाला. दम्याच्या वेळी लगेच आराम देणारे औषध वापरणाऱ्या मुलांमध्ये हा धोका कमी होता, ही त्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. असे निरीक्षणात्मक अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत हे खरे. तरी संबंध दोन्ही बाजूंनी आहे आणि दम्याचा वेळेवर केलेला उपचार वजनाच्या दृष्टीनेही उपयोगी ठरू शकतो, एवढे त्यातून नक्कीच सूचित होते.

शरीरात हे कसे घडते, याची कारणे एकाहून अधिक आहेत. पोट आणि छाती यांभोवती चरबी साठली की श्वासपटल वर ढकलले जाते आणि साधा श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा कमी होते. अशा कमी आकारमानावर श्वास घेताना लहान श्वासनलिका नेहमीपेक्षा अरुंद राहतात व सहज मिटतात. मुलांच्या बाबतीत यात आणखी एक बाब येते, जी प्रौढांत तितकी ठळक नसते. लठ्ठ मुलांची फुप्फुसे आकाराने चांगली वाढलेली असतात, परंतु त्या वाढीच्या प्रमाणात श्वासनलिकांची रुंदी वाढलेली नसते. टाकी मोठी आणि तिला बसवलेला नळ बारीक, असा हा प्रकार आहे. त्यामुळे स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून फुप्फुसांतील हवा मोजण्याच्या तपासणीत, एकूण हवा पुरेशी, किंबहुना सरासरीहून अधिक दिसते, पण पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे त्या एकूण हवेशी असलेले गुणोत्तर कमी येते. अहवाल वाचताना फक्त एकूण हवेचा आकडा पाहून ‘फुप्फुसे उत्तम आहेत’ असे मानले, तर मुलाची खरी अडचण निसटून जाते.

चरबीच्या पेशी स्वतःही स्वस्थ बसलेल्या नसतात. त्यांच्यातून लेप्टिनसारखी संप्रेरके आणि दाह वाढवणारी रसायने रक्तात मिसळतात, तर दाह कमी करणाऱ्या अॅडिपोनेक्टिनचे प्रमाण घटते. या मुलांपैकी काहींमधील श्वासनलिकांचा दाह नेहमीच्या अॅलर्जीजन्य दाहापेक्षा वेगळ्या प्रकारचा असतो. दम्याचे रोजचे प्रतिबंधक औषध म्हणून श्वासावाटे घ्यायच्या, दाह कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा परिणाम जास्त वजनाच्या मुलांत काहीसा कमी दिसल्याचे आढळले आहे, त्याचे एक कारण हेही असावे. याचा अर्थ ते औषध निरुपयोगी आहे असा मुळीच घेऊ नये. औषधाइतकाच भर वजनावरही द्यायला हवा, एवढाच तो आहे.

सुरुवात मोजमापाने करावी

मूल ‘बाळसेदार’ आहे की लठ्ठ, हे नजरेने ठरवू नये. मुलांच्या बाबतीत बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या निर्देशांकाचा, प्रौढांचा आकडा चालत नाही, कारण वाढीच्या वयात तो वयानुसार आणि मुलगा की मुलगी यानुसार बदलत असतो. जागतिक आरोग्य संघटनेचे ५ ते १९ वर्षांसाठीचे तक्ते यासाठी वापरले जातात. त्यांत वयानुसार बीएमआय सरासरीपासून एका प्रमाण विचलनाहून (सरासरीपासूनचा फरक मोजण्याचे एकक) अधिक असल्यास वजन जास्त आणि दोनांहून अधिक असल्यास लठ्ठपणा मानला जातो. डॉक्टरांकडे प्रत्येक भेटीत उंची व वजन दोन्ही मोजून तक्त्यावर बिंदू मांडून घ्यावेत. एका बिंदूपेक्षा वर्षभरात रेषा कोणत्या दिशेने चालली आहे, हे अधिक बोलके असते. दमा कधी सुरू झाला, तोंडावाटे स्टेरॉइड कधी द्यावे लागले आणि खेळणे कधी बंद झाले, या गोष्टी त्याच कागदावर टिपल्या की वजनाच्या रेषेतील वळणांचा उलगडा अनेकदा होतो.

दुसरे मोजमाप धापेचे आहे, आणि माझ्या मते इथेच सर्वाधिक गल्लत होते. वजन जास्त असलेल्या मुलाला लागणारी प्रत्येक धाप दम्याची नसते आणि प्रत्येक धाप वजनाचीही नसते. सराव नसल्यामुळे लागणारी धाप श्रम चालू असतानाच वाढते आणि थांबल्यावर काही मिनिटांत उतरते. तिच्यासोबत छातीत शिट्टीसारखा आवाज किंवा खोकल्याची उबळ नसते. श्रमामुळे श्वासनलिका आकसल्या असतील, तर त्रास बहुधा खेळ थांबल्यानंतर ५ ते १० मिनिटांत शिगेला पोहोचतो, खोकला किंवा सूं-सूं आवाज येतो, छाती आवळल्यासारखी वाटते आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागू शकतो. रात्री किंवा पहाटे खोकल्याने जाग येणे, हवामान बदलले किंवा सर्दी झाली की त्रास वाढणे, ही लक्षणेही दम्याकडे बोट दाखवतात. पालकांनी दोन आठवडे साधी नोंद ठेवावी: त्रास कोणत्या कामाने झाला, कधी सुरू झाला, किती वेळ टिकला, आवाज होता का आणि औषधाने फरक पडला का. एवढ्या नोंदीने डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.

साधारण ५–६ वर्षांपुढील मूल सूचना पाळून जोरात फुंकू शकते, म्हणून त्या वयापासून स्पायरोमेट्री करता येते. ती श्वासनलिका रुंद करणारे औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर अशी दोनदा करून घेण्याचा आग्रह धरावा, कारण औषधानंतर होणारी सुधारणा हा दम्याचा महत्त्वाचा पुरावा असतो. पुराव्याशिवाय दम्याचा शिक्का बसला तर मूल विनाकारण औषधे घेते आणि खेळापासून दूर ठेवले जाते; उलट, ‘वजनामुळे धाप लागते’ एवढ्यावर सोडून दिले तर खरा दमा उपचाराविना राहतो.

दमा खरोखर आटोक्यात आहे का, हे तपासावे

मागील चार आठवड्यांविषयी चार प्रश्न विचारावेत. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला का? दम्यामुळे रात्री जाग आली का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का? दम्यामुळे खेळणे किंवा इतर काही करणे थांबवावे लागले का? सहा वर्षांवरील मुलासाठी चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर दमा नियंत्रणात आहे असे समजले जाते. शेवटच्या प्रश्नाबाबत विशेष सावध राहावे. अनेक मुले त्रास टाळण्यासाठी मुळात पळणेच सोडून देतात, आणि मग ‘काही त्रास नाही’ हे उत्तर खरे असूनही फसवे ठरते. त्यामुळे मुलाला त्रास होतो का, एवढेच न विचारता ते बरोबरीच्या मुलांइतके धावते का, तेही पाहावे.

नियंत्रण नसेल तर औषध वाढवण्याआधी ते फुप्फुसांपर्यंत पोहोचते आहे का, हे बघावे. दाबून फवारा सोडायचा पंप लहान मुलांनी थेट तोंडात धरून वापरू नये. त्याला स्पेसर (फवारा क्षणभर धरून ठेवणारी पोकळ नळी) जोडावा आणि साधारण चार वर्षांपर्यंत स्पेसरला मास्कही लावावा. मास्क चेहऱ्यावर सर्व बाजूंनी घट्ट टेकला पाहिजे. पंप हलवावा, एका वेळी एकच फवारा स्पेसरमध्ये सोडावा आणि मुलाला पाच-सहा शांत श्वास घेऊ द्यावेत. मोठे मूल एक सावकाश, खोल श्वास घेऊन १० सेकंद तो रोखू शकत असेल तर तसे करावे. दुसऱ्या फवाऱ्यापूर्वी पंप पुन्हा हलवावा. प्लॅस्टिकचा स्पेसर साबणाच्या पाण्याने धुऊन न पुसता वाऱ्यावर वाळवावा, कारण पुसल्याने निर्माण होणाऱ्या स्थिर विजेमुळे औषधाचे कण आतील भिंतीलाच चिकटतात. कोरड्या पावडरीच्या इन्हेलरची पद्धत याच्या उलट आहे. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो. दोन प्रकारची साधने घरात असतील तर मुले हमखास घोटाळा करतात. म्हणून प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर मुलाकडूनच ती वापरून दाखवावीत.

वजन वाढलेल्या मुलाच्या पालकांना श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडची भीती वाटते आणि ‘याच औषधाने ते सुटले’ असे समजून ते परस्पर बंद केले जाते. ही भीती समजण्यासारखी आहे, पण ती चुकीच्या औषधाला चिकटलेली आहे. श्वासावाटे घेतलेली मात्रा लहान असते आणि ती बहुतांशी फुप्फुसांतच काम करते. नियमित वापराने प्रौढपणीची उंची सरासरीने सुमारे १ सेंटिमीटर कमी राहू शकते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु भूक वाढवणारे आणि वारंवार दिल्यास वजनावर ठळक परिणाम करणारे स्टेरॉइड असते ते तोंडावाटे दिलेले, गोळीचे किंवा सिरपचे. आणि ते द्यावे लागते केव्हा, तर रोजचे प्रतिबंधक औषध नीट न घेतल्यामुळे किंवा अपुरे पडल्यामुळे दम्याचा झटका येतो तेव्हा. म्हणजेच वजनाच्या काळजीने रोजचा पंप बंद केला, तर वजन वाढवणाऱ्या औषधाची पाळी येण्याची शक्यता वाढते. पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायला लावावे, त्यामुळे तोंडात बुरशीचा संसर्ग होण्याचा धोका कमी होतो.

घरात कोणी धूम्रपान करीत असेल तर ते पूर्णपणे थांबले पाहिजे. खिडकीशी उभे राहून ओढणे पुरेसे नाही. धूळ, बुरशी, धूर, पाळीव प्राण्यांचे केस यांपैकी मुलाला नेमका कशाने त्रास होतो ते ओळखून तेवढेच टाळावे. सरसकट सर्व गोष्टींची बंदी केल्यास मूल घरात कोंडले जाते आणि तेच आपल्याला नको आहे.

हालचाल वाढवताना

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. दमा असलेली मुले याला अपवाद नाहीत. मात्र जे मूल वर्षभर फारसे पळलेले नाही, त्याला पहिल्या आठवड्यातच ६० मिनिटांचे उद्दिष्ट देणे अन्यायाचे आहे. दहा मिनिटांच्या वेगवान चालण्यापासून सुरुवात करावी, दिवसातून दोन-तीन वेळा विभागून ते करावे आणि दर आठवड्याला थोडी भर घालावी. मूल बोलू शकते पण गाऊ शकत नाही, एवढा वेग मध्यम श्रमाचा समजावा.

प्रत्येक खेळापूर्वी १० ते १५ मिनिटे अंग मोकळे करून घ्यावे: सावकाश चालणे, मग जलद चालणे, मध्येच थोडे पळणे आणि पुन्हा चालणे. यामुळे नंतर श्वासनलिका आकसण्याचे प्रमाण कमी होते. डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळापूर्वी १० ते १५ मिनिटे आराम देणारा पंप घ्यावा. पण प्रत्येक खेळापूर्वी तो घ्यावाच लागत असेल, तर रोजचे प्रतिबंधक औषध अपुरे पडत आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. सतत लांब पल्ला पळण्याचे खेळ आणि थंड, कोरडी हवा यांनी त्रास अधिक होतो. थोडे पळणे व थोडी विश्रांती असलेले खेळ बहुधा सोसतात. पोहताना उबदार व दमट हवा मिळते आणि पाण्यात शरीराचा भारही कमी जाणवतो, म्हणून या मुलांना ते विशेष मानवते. मात्र क्लोरीनचा उग्र वास कोंडून राहणाऱ्या बंदिस्त तलावात काहींना त्रास होऊ शकतो. हवेत धूर किंवा प्रदूषण जास्त असलेल्या दिवशी खेळ घरात हलवावा, रद्द करू नये.

शाळेतील खेळाच्या शिक्षकांना लेखी कळवून ठेवावे की मुलाला दमा आहे, त्याचा पंप कुठे असतो आणि त्रास झाल्यास काय करायचे. ‘खेळातून सूट द्यावी’ असे पत्र मात्र शक्यतो देऊ नये. अशा एका पत्राने मूल वर्षानुवर्षे कडेला बसून राहते.

खाण्याविषयी

वाढत्या मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा वजन उतरवणे हे उद्दिष्ट नसतेच. वजन आहे तिथे स्थिर राहिले आणि उंची वाढत गेली की बीएमआय आपोआप खाली येतो. लठ्ठपणा तीव्र असेल किंवा उंची वाढण्याचे वय संपत आले असेल, तर हळूहळू वजन कमी करावे लागते, पण ते बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच. उपास, जेवण चुकवणे किंवा एखादा अन्नगट पूर्ण बंद करणे हे मुलाच्या वाढीला बाधक आहे. प्रौढांमध्ये ५ ते १० टक्के वजन उतरल्यानेही दम्याच्या नियंत्रणात फरक पडतो. मुलांवरील लहान चाचण्यांतही आहार बदलल्यावर फुप्फुसांचे काम आणि दम्याचे नियंत्रण सुधारल्याचे दिसले आहे.

घरातून साखर घातलेली पेये काढून टाकणे हा सर्वांत सोपा आणि परिणामकारक बदल आहे. त्यांत ऊर्जा भरपूर असते, पण पोट भरल्याची जाणीव होत नाही. फळांचा डबाबंद रसही याच वर्गात मोडतो. त्यानंतर पाकिटातील खारट-तळकट पदार्थ विकत आणणेच थांबवावे. घरात ठेवून मुलाला नाही म्हणणे कोणालाच झेपत नाही. भाज्या, अखंड फळे, कडधान्ये आणि कोंड्यासह धान्ये यांचे प्रमाण वाढवावे. हे बदल साऱ्या घराने करावेत. एकाच मुलाच्या ताटात वेगळे वाढले, तर ते मूल त्याला शिक्षा समजते आणि लपून खाऊ लागते.

तोंडावाटे स्टेरॉइड सुरू असताना मुलाला खरोखरच जास्त भूक लागते. त्या दिवसांत त्याला रागावू नये. पोटभर होईल असे हलके, कमी साखरेचे अन्न हाताशी ठेवावे.

झोप, घोरणे आणि छातीतील जळजळ

वजन जास्त असलेले मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा थांबत असेल, सकाळी डोके दुखत असेल किंवा दिवसा पेंगत असेल, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी. हा विकार दमा बिघडवतो आणि अपुऱ्या झोपेमुळे भूकही वाढते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. जेवणानंतर आंबट ढेकर, छातीत जळजळ किंवा आडवे होताच खोकला येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. जठरातील आम्ल वर येण्याचा त्रास लठ्ठ मुलांत अधिक असतो आणि त्यामुळे येणारा खोकला दम्याचाच समजला जाण्याची शक्यता असते.

मुलाशी बोलताना

या मुलांना एकाच वेळी दोन गोष्टींवरून चिडवले जाते, आणि घरातील माणसेही नकळत त्यात भर घालतात. वजनावरून टोमणे मारल्याने मुले बारीक होत नाहीत. ती एकटी पडतात, पंप इतरांसमोर काढायला लाजतात आणि अधिक खातात. आकड्याऐवजी क्षमतेविषयी बोलावे: गेल्या महिन्यापेक्षा आज किती अंतर न थांबता चालता आले, किती जिने चढता आले. मूल सतत उदास किंवा चिंतेत दिसत असेल तर समुपदेशकाची मदत घेण्यात उशीर करू नये.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे

डॉक्टरांकडून लेखी कृतियोजना घेऊन ती सर्वांना दिसेल अशा जागी लावावी. आराम देणारे औषध त्या योजनेप्रमाणे देऊनही फरक पडत नसेल, मूल एक वाक्य पूर्ण बोलू शकत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील किंवा गळ्याखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल गळून जाऊन गुंगीत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे आणि वाटेतही स्पेसरने औषध देत राहावे. छातीतील आवाज अचानक बंद झाला पण श्वासाची धडपड चालूच असेल, तर ती सुधारणा समजू नये. हवा आत-बाहेर जाणेच कमी झाल्याचे ते लक्षण असते.

एरवी दर तीन महिन्यांनी भेट ठरवावी आणि जाताना धापेची नोंद, औषधाची सर्व साधने व वाढीचा तक्ता सोबत न्यावा. दमा तीन महिने सलग नियंत्रणात राहिला असेल, तर प्रतिबंधक औषधाची मात्रा कमी करता येईल का, हे पालकांनी स्वतःहून विचारावे. मात्र सर्दीचे दिवस, प्रवास किंवा परीक्षा तोंडावर असताना ही कपात पुढे ढकलणे बरे.